होडीसाठी गाडी बघताना

गाडी बघायला माणूस कधी एकटा येत नाही. नांदेडला देगलूर नाक्याच्या पुढे माझा जुन्या गाड्यांचा अड्डा. तिथल्या एकाच बाकड्यावर बसून मी केस काळ्याचे पांढरे केले. एवढ्या वर्षांत एकटा आलेला माणूस फक्त एकच बघितला, आणि तो चोरीची गाडी विकायला आला होता.

बाकी सगळे मुलगी बघायला आल्यासारखे येतात. एक जण टायरला लाथ मारतो. लाथ मारून काय कळतं हे त्याला कुणी विचारत नाही, पण मारल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. दुसरा आत बसून हॉर्न वाजवतो. तिसरा बॉनेटला कान लावून डोळे मिटतो. चौथा चहा पितो. आणि पाचवा, ज्याला गाडीतलं ओ की ठो कळत नाही, तो शेवटी "घ्या" किंवा "नको" म्हणतो, आणि त्याचंच ऐकलं जातं. माझी निम्मी हुशारी तो पाचवा ओळखण्यात खर्ची पडली. तो सापडला की बाकीच्यांना चहा पाजायचा आणि बोलायचं फक्त त्याच्याशी.

दलाल म्हटलं की लोक नाक मुरडतात. मुरडोत बापडे. सोयरीक जुळवणाऱ्या माणसाशिवाय आपल्याकडे लग्नं होत नाहीत, आणि मी तेच करत आलो. कुणाला कोणती गाडी शोभेल, कोणाच्या घरी कोणती नांदेल, हे बघायचं. मुदखेडचे एक निवृत्त रेल्वे गार्ड आले होते. त्यांनी गाडी पुढून बघितलीच नाही. मागच्या सीटवर उलटं तोंड करून बसले, मागच्या काचेतून बराच वेळ रस्ता न्याहाळला आणि म्हणाले, "सलीमभाई, इथून दिसतंय चांगलं. देऊन टाका." उभा जन्म गाडीच्या शेवटच्या डब्यात बसलेल्या माणसाला पुढून काय दिसतं याची काय पडलेली असणार! त्या गार्डसाहेबांनीच पुढे गयाबाईला माझ्याकडे पाठवलं. गयाबाईची बहीण मुदखेडला दिलेली, गार्डसाहेबांच्या शेजारीच.

गयाबाई आली ती चार बाया आणि एक म्हातारा घेऊन. म्हातारा म्हणजे तिचा चुलत सासरा, तात्या. काटक, कमरेला दोरीचं वेटोळं बांधलेलं. ही दोरी कशाला म्हणून विचारलं तर म्हणाला, "असू द्यावं." मी सवयीनं पाचवा माणूस शोधायला लागलो. पण यांच्यात टायरला कुणी लाथ मारेना, हॉर्न वाजवेना. गयाबाई प्रत्येक गाडीच्या मागे जाई, पदर सावरून खाली वाकून बघे आणि पुढच्या गाडीकडे जाई.

"बाई, काय बघून राहिलात?"

"ह्याला मागं काय बांधता येतंय का ते."

"काय बांधायचंय?"

"होडी."

मी हसलो. हसण्याचं कारण सांगतो. नांदेड-लातुरात उन्हाळ्यात टँकरची वाट बघणारी आम्ही माणसं. आमच्याकडे गाडीला ट्रॉली बांधतात, नांगर बांधतात, पुढाऱ्याच्या गाडीला झेंडा बांधतात. होडी कुणी बांधली नव्हती. मी म्हणालो, "बाई, समुद्र तिकडं रत्नागिरीला. तुम्ही रस्ता चुकलात."

"धरणात काय पाणी न्हाई, दूध हाय का?" गयाबाई म्हणाली. "हसायचं झालं आसंल तर गाड्या दाखवा."

मी चहा मागवला आणि तिची अडचण ऐकून घेतली. शिरूर अनंतपाळच्या अंगाला एका धरणाच्या काठी तिचं गाव. घरं भोयांची, धंदा मासेमारीचा. पावसाळ्यात मासे अंडी घालतात तेव्हा जाळी बंद. पोळा झाला की दुसऱ्या दिवशी सकाळी जाळी पुन्हा पाण्यात पडतात. त्या दिवशीची गावाची रीत अशी, की सगळ्या होड्या मारुतीच्या पारापासून निघायच्या, आणि ज्याची होडी आधी पाण्याला लागेल त्यानं वर्षाची जागा आधी निवडायची. सगळ्यांचा डोळा एकाच जागेवर. धरणाखाली गेलेल्या जुन्या नदीचा डोह. मासा तिथंच. जो शेवटी पोचेल त्याच्या वाट्याला बुडालेल्या बाभळींची बाजू. तिथं मासा कमी आणि काटा जास्त, जाळं टाकलं की फाटलंच.

इतरांच्या होड्या पत्र्याच्या, नाहीतर थर्माकोलचे तराफे. दोघांनी डोक्यावर घेतले की निघाले पळत. गयाबाईच्या बचत गटानं मात्र हौसेनं मोठी फायबरची होडी घेतली होती, इंजिनवाली. पाण्यात ती सगळ्यांच्या पुढे, पण जमिनीवर सगळ्यांच्या मागे. एकदा डोक्यावर न्यायला बघितली, एकदा भाड्याच्या टेम्पोत घातली आणि टेम्पोच रुतला. दोन्ही वेळा बाभळी नशिबी आल्या.

"यंदा बी बाभळीच आल्या तर गट मोडतोय, भाई," ती म्हणाली. "जाळी शिवून शिवून बाया बेजार झाल्यात. होडी इकून टाकू म्हणून राहिल्यात. आन् घेणार कोण? दिगंबरच."

दिगंबर म्हणजे गावातला ट्रॅक्टरवाला. डोह दर वर्षी त्याचाच. होडी ट्रॉलीत टाकायची आणि फटफट करत निघायचं.

"मग तुम्ही पण ट्रॅक्टरच घ्या ना."

"आन् मासे लातूरला नेऊ कशात? ट्रॅक्टरात? पोचंपर्यंत माशाचं सुकट व्हईल."

हे तिचं म्हणणं रास्त होतं. वर्षातून एकदा होडी ओढायची आणि बाकीचे दिवस बर्फातले मासे लातूरच्या बाजारात पोचवायचे, अशी गाडी हवी होती.

आता बाहेरच्या माणसासाठी थोडं समजावून सांगतो. ओढायची गाडी म्हटलं की सगळे इंजिनाची ताकद विचारतात. ताकद लागते, नाही असं नाही. पण ओढणं हे सगळ्यात सोपं काम. मागचं ओझं उतारावर तुम्हाला ढकलायला लागतं तेव्हा थांबणं अवघड. त्याहून अवघड म्हणजे उलटं जाणं. आणि ज्या चाकांना इंजिन फिरवतं त्या चाकांवर वजन पाहिजे, नाहीतर ती जागेवरच गरगर फिरतात. मला तेव्हा हे सगळं ठाऊक होतं असं नाही. निम्मं ठाऊक होतं. दलालाला तेवढं पुरतं.

माझ्या अड्ड्यावर तेव्हा एक पांढरीशुभ्र, उंच, रुबाबदार गाडी उभी होती. निवडणुकीत पडलेल्या एका पुढाऱ्यानं विकायला लावलेली. मागे चकचकीत हूक. तो हूक शोभेचा आहे, हे मला माहीत होतं. पण चकचकीत वस्तूकडे बघून माणसाचं डोकं थोडा वेळ काम करत नाही, माझंही नाही. मी म्हणालो, हीच घ्या. चार बाया तिच्या आरशात केस नीट करायला लागल्या. गयाबाई म्हणाली, "आधी ओढून दाखवा."

म्हणून मी ती पांढरी गाडी घेऊन त्यांच्या गावाला गेलो. दिगंबर नेमका त्या दिवशी बाहेरगावी होता. होडी एका जुन्या ट्रॉलीवर चढवलेली होती. ट्रॉलीची लोखंडी दांडी गाडीच्या हुकात अडकवायची, एवढंच काम. पण तात्या मध्ये आला.

"लोखंडाचा काय भरवसा?" तो म्हणाला आणि कमरेची दोरी सोडली. "गाठ आपल्या हातची आसावी."

"तात्या, दोरीनं नको. दांडीच लावा."

"सलीमभाई, तुम्ही गाड्या इकल्या. म्या जन्मभर पाण्यात होड्या बांधल्या. एक तरी सुटली का, इचारा गावात."

गावानं माना हलवल्या. एकही सुटली नव्हती. गावाच्या माना हलल्यावर मी कोण? तात्यानं अशी गाठ मारली की बघत राहावं. मी गाडी चालू केली, शेजारी गयाबाई बसली. चढाला गाडी झकास निघाली. मी आरशात बघून म्हणालो, "बघा बाई, फुलासारखी येते आहे होडी."

मग ओढ्याच्या पुलाचा उतार लागला.

पाण्यात बांधलेली होडी दोरीला ओढ देते, ती दोरीच्या पुढे कधी पळत नाही. म्हणून तात्याच्या आयुष्यात दोरी कधी सैल पडलीच नव्हती. उतारावर ती सैल पडली. मी ब्रेक लावला. होडीला ब्रेक नव्हता.

"भाई, होडी मागं येतीय का?" गयाबाईनं पुढे बघतच विचारलं.

"येते आहे ना."

"येतीय न्हाई," ती मागे वळून म्हणाली, "पोचलीच."

धडाम. होडीचं नाक गाडीच्या डिकीत घुसलं. कुणाला लागलं नाही, होडीला ओरखडा नाही, पुढाऱ्याच्या गाडीच्या पाठीला मात्र टोपल्याएवढा खड्डा. तात्या पळत आला, वाकून आपली गाठ तपासली आणि छाती काढून म्हणाला, "सुटली का? न्हाई सुटली!"

ती गाडी शेवटी मलाच ठेवून घ्यावी लागली. घरात बायकोनं बघितली आणि एवढंच विचारलं, "हिला कोणी पाठीत गुद्दा घातला?" मी म्हणालो, होडीनं. त्यावर ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. थट्टा करतोय असं तिला वाटलं.

पण आता माझी जिद्द पेटली. होडीला गाडी मिळवून देईन तरच नावाचा दलाल. शोधत शोधत किल्लारीला पोचलो. तिथं एका म्हाताऱ्या मालकाच्या दारात जीप उभी होती. एकेकाळी काळी-पिवळी म्हणून औसा लाईनीवर चाललेली, परवान्याची मुदत संपल्यावर रंग देऊन घरी वापरायला ठेवलेली. रंग असा की त्याला नाव देता येऊ नये. पण मागच्या स्प्रिंगांना मालकानं वजन पेलायला जादा पाटे घातलेले. एका वेळी किती माणसं बसवली हे तो सांगत नव्हता आणि मी विचारलं नाही. मागच्या चाकांनी ओढणारी गाडी, पहिला गिअर असा की भिंत ढकलावी.

"आता सीट भरायला माणसं कुठं राहिलीत?" मालक म्हणाला. "दारोदार मोटरसायकली झाल्या. पहिल्यांदा लोक टपावर बसायचे. आता म्याच एकटा बसतो हिच्यात, संध्याकाळी, दारात." मला वाईट वाटलं. माझ्याही धंद्याचं तेच होऊन राहिलंय. हल्ली गिऱ्हाईक मोबाईलवर फोटो बघून गाडी घेतं. लाथ मारायला टायर नाही, पाजायला चहा नाही. किल्ली देताना मालकानं गयाबाईला एक मंत्र दिला. "चढाला चाक फिराया लागलं की शिव्या देऊ नका. माणसं मागं बसवा. हिला ओझ्याची सवय हाय, रिकामी आसली की रुसती."

लातूरच्या एका वेल्डिंगवाल्याकडून आम्ही जीपला मागे खराखुरा मजबूत हूक आणि होडीसाठी नवी, जमिनीलगतची ट्रॉली करून घेतली. या खेपेला लोखंडी दांडी. तात्या रुसून बाजूला बसला. त्याची दोरी मात्र कमरेला होतीच.

राहिलं होतं उलटं जाणं. धरणाकाठची वाट अरुंद, दोन्हीकडे बाभळी, आणि काठाला गाडी वळवायला जागा नाही. म्हणजे शेवटचा पट्टा मागं मागं जायचं. ट्रॉली लावून मागं जाताना स्टेअरिंग डावीकडे फिरवलं की ट्रॉली उजवीकडे जाते. ऐकायला सोपं आहे. मी म्हणालो, बघा, दाखवतो. गावच्या मैदानात मी जीप मागे घेतली आणि ट्रॉली थेट शाळेच्या कुंपणाकडे निघाली. पुन्हा घेतली, तर कडब्याच्या गंजीत. गावातल्या दोन ड्रायव्हरांनीही गंजी गाठली. गंजीचा मालक हात जोडून उभा राहिला.

"सरका," गयाबाई म्हणाली. ती लातूरच्या क्लासात गाडी शिकली होती, लायसनही होतं. पण आमच्यासमोर कधी चालवली नव्हती. बसली, मान वळवली, आणि ट्रॉली सुतात निघाली. दोन खुंट्यांमधून अलगद आत.

मी तोंडात बोट घातलं. "बाई, हे कुठं शिकलात?"

"ह्यात शिकायचं काय? होडीच्या इंजिनाची मूठ उलटीच न्हाई का? मूठ डावीकडं लोटली की होडी उजवीकडं. मला तर सरळ चालवताना लई जड जातंय."

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम गेलो. रात्रभर पाऊस होता. काळी माती पायाला धरून ठेवत होती. पारापाशी सगळा गाव. दिगंबरराव ट्रॅक्टरवर फेटा बांधून बसलेले, मला बघून म्हणाले, "सलीमभाई, बाभळीतली जागा बघून ठेवली का?" लोक हसले. मीही हसलो, दुसरं काय करणार?

नारळ फुटला आणि सगळे निघाले. डोक्यावरचे तराफेवाले दोन पावलं टाकून घसरत होते. ट्रॅक्टर पुढे, जीप मागे, जीपमध्ये गयाबाईच्या शेजारी मी. पहिल्याच चढाला जीपचं मागचं चाक गरगर फिरलं. ट्रॉलीला मागून ढकलणाऱ्या गटाच्या बाया आणखी जोर लावायला लागल्या. "ढकलू नका!" गयाबाई आतून ओरडली. "बसा! मागं बसा सगळ्या!" बाया भराभर जीपच्या मागच्या बाकांवर चढल्या, दोघी फळीवर लटकल्या. चाकानं माती धरली आणि जीप निघाली. किल्लारीचा मालक तिथं असता तर त्याला रडू आलं असतं.

बाभळींच्या वाटेच्या तोंडाशी पोचलो तर दिगंबररावांचा ट्रॅक्टर आधीच काठाला पोचला होता. पण थांबला नव्हता. घाईत ते वाटेच्या एका अंगानं सरळ पाण्याच्या कडेपर्यंत गेले आणि काळ्या चिखलानं पुढची चाकं गिळली. ट्रॉली तिरकी, होडी तिच्यात अडकलेली. माणसं ओढत होती, होडी हलत नव्हती.

गयाबाईनं जीप तिथंच वळवून बाभळींच्या मधून मागे मागे घेतली आणि मुरमाचा कठीण पट्टा संपला तिथंच थांबवली. पाणी अजून बरंच लांब होतं. मी खाली उतरून हात करायला लागलो. मला एकदम कंठ फुटला होता. "अजून! अजून घ्या मागे! पाण्यापर्यंत घ्या!"

"ह्याच्या पुढं गेली तर गाडी आपली न्हाई, धरणाची," तिनं सांगितलं आणि ब्रेक ओढला. "तात्या!"

काठावर एका बाजूला येऊन बसलेला तात्या उठला. इतक्या दिवसांचा रुसवा त्यानं एका क्षणात चिखलात टाकला. कमरेची दोरी सोडली, एक टोक ट्रॉलीला बांधलं, दुसरं जीपच्या हुकाला दोन वेढे देऊन हातात धरलं. बायांनी जीपच्या चाकांखाली दगड लावले. मग त्यानं दांडी हुकातून काढायला सांगितली.

आता उतार होता, चिखल होता, आणि खाली पाणी होतं. ट्रॉली आपोआप निघाली. तात्या हुकावरचे वेढे जरासे सैल करी, ट्रॉली हातभर सरके, आवळी, थांबे. होडी मालकिणीसारखी सावकाश उतरत गेली. इंजिन बंद. जीप नुसती उभी. जी होडी ओढील म्हणून मी अर्धा मराठवाडा पालथा घातला, ती त्या दिवशी न हलता कामाला आली.

पाणी ट्रॉलीच्या चाकांना लागलं, मग होडीच्या बुडाला. होडी हलली, तरंगली. गयाबाई गुडघाभर पाण्यात धावत गेली, आत चढली आणि हात वर करून डोहाकडे दाखवलं. बाया ओरडत होत्या, एक रडत होती. माझेही डोळे भरून आले. खोटं कशाला सांगू?

तात्यानं दोरी गोळा करता करता मला विचारलं, "का हो सलीमभाई, सुटली का?"

"नाही तात्या. नाही सुटली."

गट मोडला नाही. होडी अजून त्यांचीच आहे, आणि जीप रोज बर्फातले मासे घेऊन लातूरला जाते. वास असा की सिग्नलला शेजारी कुणी थांबत नाही.

पुढच्या पोळ्याआधी दिगंबरराव माझ्या अड्ड्यावर आले. ट्रॅक्टर काढायला दुसरे दोन ट्रॅक्टर लागले होते, तेव्हापासून त्यांचं ट्रॅक्टरवरचं मन उडालं होतं. बरोबर चार माणसं. एकानं टायरला लाथ मारली, एकानं हॉर्न वाजवला, एकानं बॉनेटला कान लावला, एक चहा प्यायला. दिगंबरराव पांढऱ्या गाडीभोवती फिरले. डिकी मी ठोकून घेतली होती, तरी रंगाखाली खळी दिसत होतीच.

"हे मागं काय लागलंय?"

"होडी," मी म्हणालो. खरं तेच सांगितलं. ते हसले, त्यांनाही थट्टाच वाटली.

मी आजूबाजूला पाचवा माणूस शोधत होतो. दिसेना. तेवढ्यात दिगंबररावांनी खिशातून मोबाईल काढला. "थांबा, गयाबाईला इचारतो. तिला होडीच्या गाडीतलं लई कळतंय." त्यांनी फोन सगळ्यांना ऐकू येईल असा लावला.

"गयाबाई, सलीमभाईकडं गाडी बघून राहिलोय. होडी ओढायला."

"बघा की."

"एक पांढरी हाय. उंच. मागं चकचकीत हूक हाय."

 फोनमध्ये मागून तात्याचं खोकणं ऐकू आलं. ते खोकणं नव्हतं, हे मला लगेच कळलं.

"घ्या, दिगंबरभाऊ, डोळे झाकून घ्या," गयाबाई म्हणाली. "म्या सोता बसलेय तिच्यात."

मी बाकड्यावर बसून चहाच्या कपात बघत राहिलो. आणि नेहमीप्रमाणे पाचव्या माणसाचंच ऐकलं गेलं.